स्टेजवरून खाली उतरलेला ताशा

प्रज्ञाने ताशावर जेमतेम दुसरा तोडा घेतला आणि स्टेज मेलं.

दिवे चालू होते, पण स्पीकर, कीबोर्ड, माइक सगळं एकदम गप्प झालं. बेंजोवर बोटं ठेवून दिनेश परब माझ्याकडे बघत राहिले. प्रज्ञा मात्र वाजवतच होती, कारण ताशाला वीज लागत नाही. स्टेजसमोर छताला टांगलेल्या पेटीवर लाल दिवा लागला होता.

"वैशाली मॅडम, ये क्या हुआ?" मागून केयूरचा आवाज आला.

"लिमिटर पडला," मी म्हटलं.

"शो आज संध्याकाळी आहे!"

"माहीत आहे."

मी लाइव्ह साउंड इंजिनिअर आहे. कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मागे एक मोठं टेबल असतं आणि त्याच्यावर भरपूर खटके असतात. त्या टेबलामागे उभी असलेली बाई म्हणजे मी. कोणाचा आवाज किती आणि कसा ऐकू यावा, हे बघणं माझं काम. आवाज चांगला लागला की लोक गायकाचं कौतुक करतात. खराब लागला की सगळे मान वळवून माझ्याकडे बघतात.

हा हॉल परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. विटांच्या भिंती तशाच ठेवल्यात. आत स्टेज, वर बाल्कनी, एका कडेला खाणंपिणं. कंपाउंडला लागूनच राहत्या लोकांचा टॉवर उभा आहे. हॉलला परवानगी देताना आवारवाल्यांनी अट घातली की लिमिटर बसवायचा. ही आवाज मोजणारी पेटी असते. तिचा माइक स्टेजसमोर छताला टांगलेला. एरवी हिरवा दिवा, आवाज ठरलेल्या मर्यादेजवळ गेला की पिवळा, मर्यादा ओलांडली की लाल. लाल दिवा काही क्षण टिकला की पेटी स्टेजची वीज तोडते, आणि आवाज थांबल्यावर थोड्या वेळाने आपणच परत देते. पेटीला सील असतं. आमच्यातलं कोणी तिला हात लावू शकत नाही, आणि लावूही नये.

एरवी त्रास नसतो. आवाज वाढला की मी माझा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची ती सरकती दांडी, जरा खाली ओढते. ताशाला फेडरच नव्हता. तो माइकविनाच वाजत होता, माझ्या टेबलातून जातच नव्हता.

हे सगळं माझ्याच हट्टामुळे झालं होतं, म्हणून थोडं मागे जाते.

केयूर हा हॉल चालवतो. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, स्वभावाने चांगला, पण घाबरट. आठवडाभर तेच चालायचं: इंग्रजी गाण्यांचे कव्हर बँड, म्हणजे दुसऱ्यांची गाणी जशीच्या तशी वाजवणारे, आणि शनिवारी डीजे. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, या हॉलच्या आजूबाजूला इतकं गाणंबजावणं आहे आणि आपण तेच ते वाजवतोय."

"कुठे आहे? मला दाखवा," तो म्हणाला.

त्याने सहज म्हटलं, मी मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी आणि कामावर जायच्या आधी मी फिरायला लागले. मी गिरगावात वाढले, पण खोताच्या वाडीत कधी गाणं ऐकायला म्हणून गेले नव्हते. तिथे तीन चुलत भाऊ रविवारी दुपारी घराच्या ओट्यावर बसून व्हायोलिन, मँडोलिन आणि गिटार वाजवतात. दोन घरं सोडून एक आजी खिडकीतूनच सूर लावतात. दादरला एका शाळेच्या सभागृहात निवृत्त मंडळींचा ऑर्केस्ट्रा सापडला. त्यांचा सॅक्सोफोनवाला दिवसा दाताचे दवाखाने फिरून सामान विकतो. नायगावला एका बुद्धविहारात भीमगीतांची तालीम ऐकली. हार्मोनियम, ढोलकी आणि सहा बायकांचा आवाज. मी साउंडवाली, पण तिथे मला काहीच सुधारावंसं वाटलं नाही.

आणि काळाचौकीला बेंजो पार्टी.

बेंजो म्हणजे काय, हे मुंबईबाहेरच्यांना सांगावं लागतं. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या, वर टाइपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तार छेडायची. तो आवाज भोंग्यातून येतो. सोबत कीबोर्ड, रोटो म्हणजे छोटे ड्रम, कच्छी ढोल आणि ताशा. हळद, वरात, जयंती, विसर्जन, यातलं काहीही बेंजोशिवाय होत नाही. पण बघायला जावं असं त्याला कोणी समजत नाही. पार्टी येते, वाजवते, जाते. वाजवणाऱ्यांची नावं कोणाला माहीत नसतात.

मी गेले तेव्हा मंडळाच्या मोकळ्या जागेत तालीम चालली होती. दिनेश परब एका कुरिअर ऑफिसात नोकरी करतात. गाव मालवणकडचं, जन्म काळाचौकीचा. ते बेंजोवर एखादी ओळ वाजवायचे आणि समोरची मुलगी ताशावर त्याचं उत्तर द्यायची. तीच प्रज्ञा जाधव. ती एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. जयंतीच्या मिरवणुकीत वडिलांच्या शेजारी उभी राहून ती ताशा शिकली. तिचा हात असा की कडकडाट करता करता एकदम कुजबुजीवर यायचा, आणि तिथून पुन्हा वर.

मी दिनेशभाऊंना विचारलं, "हॉलमध्ये वाजवाल? तिकीट लावून?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. "आमका ऐकूक तिकीट कोण काढतलो, ताई? लोक खिडकीत उभे रवान फुकट ऐकतत."

प्रज्ञा हसली नाही. तिने विचारलं, "पोस्टरवर नावं येतील आमची? सगळ्यांची?"

"येतील," मी म्हटलं.

केयूर तयार झाला, पण अर्ध्या मनाने. महिन्यातून एक संध्याकाळ आसपासच्या संगीताला द्यायचं ठरलं. पहिल्यांदा खोताच्या वाडीचे तिघे भाऊ आले. छान झालं, पण ते नाजूक वाजवणारे, त्यामुळे पेटीचा हिरवा दिवासुद्धा झोपेत होता. दुसरा कार्यक्रम बेंजोचा. केयूरने आधीच सांगितलं होतं, "मॅडम, शोमध्ये स्टेज एकदा जरी बंद पडलं आणि आवारवाल्यांची नोटीस आली, तर ही सिरीज संपली. परत डीजे."

तर त्या दुपारी लाल दिवा लागला तेव्हा गोष्ट इथवर आली होती.

केयूरने सगळ्यात सोपा उपाय सुचवला. "ताशा काढून टाका ना. बाकी तर चालतंय."

दिनेशभाऊ शांतपणे म्हणाले, "ताशा काढल्यावर मगे रवला काय?"

"बेंजो राहिला की."

"मग तुम्ही बेंजोचीच कॅसेट लावा, सर," प्रज्ञा म्हणाली आणि काड्या पिशवीत टाकायला लागली.

मी तिला थांबवलं. "एक तास दे मला. नाही जमलं तर मीच सांगेन घरी जा म्हणून."

पहिला प्रयोग म्हणून ताशाच्या कातड्यावर टेपच्या पट्ट्या लावल्या. ड्रमला आम्ही हे नेहमी करतो. आवाजाची खणखण कमी होते. प्रज्ञाने दोन काड्या मारल्या आणि तोंड वाकडं केलं.

"पापडाचा डबा वाजतोय," ती म्हणाली. खरंच तसंच वाजत होतं. मी टेप काढली.

मग मी माझं नेहमीचं काम केलं, जे बाहेरच्या माणसाला वेडेपणा वाटतं. हॉलभर टाळ्या वाजवत फिरले. टाळी वाजवायची आणि ती कशी परत येते ते ऐकायचं. स्टेजवर वाजवली तर टाळीमागून टाळ्या आल्या. स्टेजमागची भिंत उघड्या विटांची, सपाट. त्या भिंतीवरून आवाज उसळत होता आणि थेट लिमिटरच्या माइकमध्ये जात होता. म्हणजे पेटी ताशा एकदा मोजत नव्हती. ताशा अधिक भिंतीवरून आलेला ताशा, असं मोजत होती. हॉलच्या मध्यावर येऊन टाळी वाजवली. तिथे ती बरीच कोरडी होती. बाल्कनीच्या बाजूला गेले तर आणखी कमी.

"प्रज्ञा, खाली ये. इथे, मध्यभागी उभी राहा. आणि वाजव."

ती खाली आली. वाजवलं. पिवळा लागला, मग लाल, परत पिवळा. स्टेज बंद झालं नाही.

दिनेशभाऊ स्टेजच्या कडेला येऊन उभे राहिले. "आमी पण खाली येवंया काय?"

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला स्वतःचीच गंमत वाटली. ही माणसं आयुष्यभर रस्त्यावर, लोकांच्या गराड्यात वाजवत आलेली. मी त्यांना मानाने बोलावलं आणि मानाचं म्हणून उंचावर चढवून ठेवलं. समोर टेबलंखुर्च्या. नाचायला जागा नाही. स्टेजवर चढल्यापासून पार्टी अवघडून वाजवत होती, ते मला दिसत होतं, पण कारण आत्ता कळलं.

"सगळे खाली या," मी म्हटलं. "मधली टेबलं हलवा."

केयूर धावत आला. "मॅडम, टेबलं बुक आहेत!"

"कडेला लाव. लोक उभे राहतील."

"आणि स्टेज?"

"स्टेजवर लोकांना बसू दे."

त्याने कपाळाला हात लावला, पण वेटरांना बोलावलं.

आता मागची भिंत. अशा भिंतीवर जाड कापड लावलं की आवाज परत येत नाही, कापड तो शोषून घेतं. घाईत मी म्हटलं, हिंदमाताच्या कापडबाजारात माणूस पाठवून जाड कापडाचे तागे आणू. दिनेशभाऊंनी विचारलं, "मखमल चालात काय?"

"पळेल! कुठे मिळेल?"

"मंडळाच्या गोडाउनात. गणपतीच्या सजावटीचे पडदे आसत. तेंका वर्षभर कोण विचारणा नाय."

त्यांनी फोन केला. काळाचौकी काही लांब नाही. टेम्पो आला आणि त्यातून लालभडक मखमली पडदे उतरले, सोनेरी झालरीसकट. मंडळाचे चार कार्यकर्ते सोबत आले होते आणि त्यांना पडदे बांधायचा जो सराव आहे, तो आमच्या हॉलच्या कोणालाही नाही. विटांची भिंत बघता बघता झाकली गेली. केयूर म्हणाला, "माझा इंडस्ट्रियल लुक गेला." मी टाळी वाजवली. टाळी गेली ती परत आलीच नाही. मला तर लुक फार आवडला.

एक दुखणं अजून बाकी होतं. बेंजो. तो मी थेट वायरने माझ्या टेबलात घेतला होता. आवाज स्वच्छ यायचा, पण पातळ, आणि बटणांची टकटक जास्त ऐकू यायची. दिनेशभाऊ दर वेळी स्पीकरकडे असं बघायचे की जणू कोणी दुसराच वाजवतोय.

"तुमचा भोंगा आणलाय का?" मी विचारलं.

"टेम्पोत आसा. पण तुमीच बोललात ना, हॉलमध्ये भोंगो नको?"

"आणा."

बेंजोचा जो आवाज आपल्या कानात बसलाय, तो निम्मा तारांचा आणि निम्मा भोंग्याचा. भोंगा खालचे सूर खातो, वरचे खातो आणि मधला तेवढा ठासून देतो. पण भोंगा हॉलमध्ये लावला असता तर लाल दिवा ताशाची वाटसुद्धा बघत थांबला नसता. म्हणून आम्ही तो स्टेजमागच्या स्टोअररूममध्ये ठेवला. बेंजोची वायर त्याला जोडली, भोंग्याच्या तोंडासमोर माइक लावला, दार बंद केलं. आता भोंगा आत एकटाच ओरडत होता आणि त्याचा आवाज माझ्या फेडरवर, पाहिजे तेवढाच, हॉलमध्ये येत होता.

"स्पीकरला माइक?" केयूरने विचारलं. "कोणाला सांगू नका प्लीज."

दिनेशभाऊंनी एक ओळ वाजवली. थांबले. पुन्हा तीच वाजवली. मग प्रज्ञाकडे वळून म्हणाले, "आयकलंस? ह्यो आपलो."

पण पूर्ण पार्टी जोरात आली की लाल दिवा अजूनही डोळे मिचकावत होता. वीज तुटत नव्हती, पण तुटायला फार बाकीही नव्हतं. केयूर त्या दिव्याखाली उभा राहून बघत होता.

"मॅडम, हे रिस्की आहे."

"हॉल रिकामा आहे आत्ता. माणसं आवाज शोषतात. अंगावरचे कपडे, अंग, सगळं. प्रज्ञाच्या भोवती माणसं उभी राहिली की तिचा ताशा वर छतापर्यंत इतका पोचणार नाही."

"आणि लोक आलेच नाहीत तर?"

"मग तुला नोटिशीपेक्षा मोठा प्रॉब्लेम आहे."

तो हसला नाही. खरं तर मलाही आतून धाकधूक होती. गणित बरोबर होतं, पण गणित बरोबर असलेले शो मी पडताना बघितलेत.

संध्याकाळी दारं उघडली. आधी आसपासच्या ऑफिसांतली मंडळी आली, गळ्यात अजून ओळखपत्रं. मग काळाचौकी आली. सहकुटुंब. बायका नटूनथटून, पोरं, दिनेशभाऊंची बायको आणि सासूबाई, प्रज्ञाचे आईवडील. दाराशी पोस्टर होतं. त्यावर पार्टीतल्या प्रत्येकाचं नाव होतं, कच्छी ढोलवाल्याचंसुद्धा. प्रज्ञाचे वडील त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मग त्यांनी बायकोला पोस्टरशेजारी उभं केलं आणि फोटो काढला.

सुरुवात मी एकट्या बेंजोने करायला सांगितली होती. दिनेशभाऊ हॉलच्या मध्यभागी उभे, भोवती माणसांचं कडं. पहिले सूर आले आणि ऑफिसवाल्या मंडळींच्या चेहऱ्यावर ती ओळख उमटली. हा आवाज त्यांनी लहानपणापासून खिडकीतून ऐकलेला, पण समोर उभं राहून कधी बघितलेला नव्हता. कीबोर्ड आला. रोटो आले. माझी एक नजर टेबलावर, दुसरी छताला.

हिरवा. हिरवा. ढोल आला, पिवळा.

मग प्रज्ञाने ताशा घेतला.

लोक आपोआप आत सरकले. नाचायला जागा हवी म्हणून कोणी मागे गेलं नाही. उलट तिच्याभोवतीचं कडं आवळत गेलं, मिरवणुकीत आवळतं तसं. काड्या दिसत नव्हत्या इतका वेग होता. दिवा पिवळाच. मी श्वास सोडला.

फार लवकर सोडला. बेंजोने चढती ओळ घेतली, सगळे एकदम वर गेले, शिट्ट्या सुरू झाल्या आणि पेटी लाल झाली. शिट्ट्यांचा हिशोब मी धरलाच नव्हता! मी बेंजो, कीबोर्ड, सगळं खाली ओढलं. तरी लाल. जे माझ्या हातात होतं ते संपलं होतं. आता वीज तुटायला काही क्षण बाकी. मी टेबलामागून हात वर केला आणि पंजा खाली खाली दाबत नेला.

प्रज्ञाने बघितलं. दिव्याकडे नाही, माझ्याकडे. तिने ताशा वाजवायचा थांबवला नाही, आवाज खाली आणला. काड्या कातड्याच्या मधून काठावर गेल्या. कडकडाटाची सर झाली, सरीची कुजबुज झाली. ठेका तोच. दिनेशभाऊंनी लगेच बेंजोची एकच तार धरली.

आणि अख्खा हॉल खाली बसला.

ज्यांनी मिरवणुकीत नाच केलाय त्यांना हे सांगायला नको. आवाज उतरला की उकिडवं बसायचं आणि तो चढायची वाट बघायची. काळाचौकी बसली, त्यांचं बघून ऑफिसवाले बसले, ग्लास हातात घेऊन वेटर बसला. माझ्या उजव्या बाजूला केयूर बसला होता, तंग पँटमध्ये, एका हाताने जमिनीचा आधार घेत. शिट्ट्या थांबल्या. ताशा इतका हलका वाजत होता की स्टोअररूममधल्या भोंग्याची बारीक धून दारातून ऐकू येत होती.

दिवा पिवळा झाला. हिरवा झाला.

प्रज्ञाने मला बघून मान हलवली. मी हलवली. तिने ताशा चढवायला घेतला. हळूहळू, घाई न करता, एकेक पायरी. लोक गुडघ्यातून उठायला लागले. कमरेत आले. आणि ती वर पोचली तेव्हा सगळा हॉल एका उडीत उभा राहिला. दिवा पिवळ्यावर गेला आणि तिथेच थांबला. माणसं तिच्या इतकी जवळ उभी होती की आवाजाला वर जायला वाटच नव्हती. त्यानंतर शो संपेपर्यंत लाल लागला नाही. मी फेडरवरून हात काढला आणि टेबलामागे नाचले. नोकरीत असं करायचं नसतं.

शेवटी दिनेशभाऊंनी माइक घेऊन प्रत्येक वाजवणाऱ्याचं नाव घेतलं. प्रज्ञाचं घेतल्यावर तिची आई बाल्कनीतून अशी ओरडली की मी घाबरून पेटीकडे बघितलं. पेटीने ते सहन केलं.

आवारवाल्यांचा माणूस संध्याकाळभर टॉवरच्या फाटकाशी हातातलं मीटर घेऊन उभा होता. आम्ही सामान बांधत असताना तो आत डोकावला. केयूरचा चेहरा पडला.

"कार्यक्रम कधी चालू होणार आहे?" त्याने विचारलं.

"संपला," केयूर म्हणाला.

"झाला? मला तर बाहेर काही ऐकूच आलं नाही." आणि कागदावर सही करून तो निघून गेला.

केयूरने मला मिठी मारली. मग दिनेशभाऊंना मारली. मग मखमली पडद्यांकडे बघत विचारलं, "हे पडदे मंडळ भाड्याने देईल का? गणपतीपर्यंत?"

मंडळाने दिले. आता तो कार्यक्रम महिन्यातून दोनदा होतो. नायगावच्या बायका येऊन गेल्या, दादरचा ऑर्केस्ट्रा येऊन गेला. डीजे शनिवारी असतोच, पण रांग आमच्या दिवशी जास्त लांब असते, हे केयूर स्वतः सांगतो. बेंजो पार्टीला आता आणखी हॉलवाले बोलावतात आणि प्रज्ञा आधी त्यांना विचारते, पोस्टरवर नावं टाकणार का.

साउंड शिकायला माझ्याकडे जे येतात, त्यांना मी या शोमधली एकच गोष्ट सांगते. आवाज जास्त वाटला की लगेच फेडर ओढू नका. आधी वाजवणारा कुठे उभा आहे ते बघा. बऱ्याचदा तो चुकीच्या जागी उभा असतो, आणि तिथे आपणच त्याला उभं केलेलं असतं.